पवनचक्क्या, पठार आणि कायदा : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पश्चिम घाटातल्या पठारांवर लेख होता, त्यात पवनचक्क्यांचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा, पण पत्रं जवळपास सगळी त्यावरच आली. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला दिलंय. नावं छापलेली नाहीत, गाव-तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी पाटण तालुक्यातला. आमच्या वरच्या पठारावर वीस-पंचवीस वर्षांपासून पवनचक्क्या आहेत. आता जुन्या काढून नव्या मोठ्या बसवणार असं कानावर येतंय, आणि शेजारचं मोकळं पठार पण घेणार म्हणतात. याला पर्यावरण खात्याची परवानगी लागते ना? जनसुनावणी होईल ना? आम्हाला कुणी विचारणार आहे का?

उत्तर : दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण बहुतेकांना ते माहितीच नसतं आणि सांगितलं तरी पटत नाही. नाही लागत. म्हणजे तुमच्या डोक्यात जी पर्यावरण मंजुरी आहे, जिच्यासाठी ईआयए, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल होतो, मांडव घालून अधिकारी बसतात आणि गावातली माणसं माइकवर बोलतात, ती पवनचक्कीला लागत नाही. 2006 च्या ईआयए अधिसूचनेला प्रकल्पांची एक यादी जोडलेली आहे, खाणी, धरणं, सिमेंट, कोळशावरची वीज, मोठी बांधकामं वगैरे, त्या यादीत पवनऊर्जा नाहीच. त्यात 2016 ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिला पांढऱ्या गटात टाकलं, म्हणजे प्रदूषण मंडळाची संमती सुद्धा घ्यायची नाही, नुसतं कळवायचं. आता प्रदूषणाच्या अंगाने बघितलं तर ते बरोबरच आहे, धूर नाही, सांडपाणी नाही. पण प्रदूषण नाही म्हणजे निसर्गाला धक्काच नाही असं आपण धरून चाललोय आणि सगळी गोची तिथेच आहे.

मग कायदा लागतो कशाला, तर जमिनीला. जमीन वनखात्याची असेल तर 1980 चा वन कायदा लागतो, फाइल केंद्राकडे जाते, दोन टप्प्यांत मंजुरी मिळते. अभयारण्याच्या आत असेल तर 1972 चा वन्यजीव कायदा आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळ. अभयारण्याच्या भोवतीच्या इको सेन्सिटिव्ह झोनमधे असेल तर त्या झोनच्या अधिसूचनेत जे लिहिलंय ते. आता तुमच्याच भागाचं बघा. कोयना अभयारण्य 1985 चं, 2010 पासून चांदोलीबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, आणि 2012 ला कास आणि कोयना दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. त्या रेषेच्या आत सगळ्याला कवच आहे. रेषेबाहेर एक पाऊल टाकलं, सातबारा खाजगी निघाला आणि त्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं असलं, की दगड तोच, गवत तेच, वर घिरट्या घालणारा पक्षी पण तोच, फक्त त्याच्याबद्दल प्रश्न विचारणारं टेबल कुठल्याच ऑफिसात नाही. कायदा विचारतो तुम्ही कुठल्या हद्दीत आहात, इथे काय जगतंय हे विचारतच नाही. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं अजिबात नाही. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने 2013 लाच सांगितलं होतं की पवनऊर्जेला ईआयएच्या यादीत घ्या. त्या अहवालावरून पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मार्च 2014 ला निघाला, मग परत परत निघत राहिला, जुलै 2024 मधे सहाव्यांदा निघाला.

आता जुन्याच्या जागी नवी. यात माझं मत सरळ आहे, जुन्या जागीच नवी बसत असेल तर बसू दे, मी त्या बाजूने आहे. पहिल्या काळात देशात लागलेल्या बऱ्याच चक्क्या 250 ते 500 किलोवॉटच्या होत्या, आज एकेक 2-3 मेगावॉटची येते, म्हणजे पाच-सहा जुन्या काढून एक नवी लावली तरी वीज जास्तच मिळते. केंद्राचं 2023 चं रिपॉवरिंग, म्हणजे जुन्या काढून नव्या बसवण्याचं धोरण 2 मेगावॉटच्या खालच्या चक्क्यांसाठी आहेच. जिथे रोड झालाय, लाईन झालीय, जे पठार एकदा खणून झालंय तिथेच चार पैसे जास्त घाला पण शेजारचं कोरं पठार सोडा, इतकं साधं आहे माझं म्हणणं.

फक्त गावाने एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवायला हवं, ती म्हणजे रोड. सगळे जण पातं बघतात पण पठार मरतं ते रस्त्याने. जांभ्या दगडावर माती असते किती, काही ठिकाणी बोटभर सुद्धा नाही. पावसात त्या दगडावरून पाण्याचा पातळ थर सरकत असतो, खळग्यात साठतो, पुढच्या खळग्यात जातो, आणि त्याच पाण्यावर सीतेची आसवं, तेरडा, वायतुरा हे सगळं उगवतं, वायतुरा तर जगात फक्त आपल्या या भागातल्या पठारांवरच होतो. तिथे मुरूम टाकून रुंद रस्ता केला आणि कडेला चर मारली की वरचं पाणी चरीतून सरळ कड्यावरून खाली जातं आणि रस्त्याच्या खालच्या अंगाचे खळगे भर पावसाळ्यात कोरडे पडतात. नव्या चक्क्यांची पाती लांब, त्यामुळे ट्रेलर वळायला घाटातली वळणं अजून फोडावी लागतात, क्रेन उभी करायला सपाट जागा लागते. भीमाशंकरच्या डोंगरावर काय झालं ते पश्चिम घाटावरच्या, कस्तुरीरंगनच्या आधीच्या गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात आहे, डोंगरउतारावर कसेही काढलेले रस्ते, त्याने झालेली धूप, खाली शेतात आणि जलाशयात गेलेला राडारोडा, आणि वरून स्थानिक लोकांनाच डोंगरावर जायला आडकाठी, तीही वनहक्कांचा निकाल लागलेला नसताना.

तेव्हा ग्रामपंचायतीच्या एनओसीसाठी माणसं आली की चहा पाजा पण सही करायच्या आधी कागद मागा. गट नंबरासहित चक्क्यांचा नकाशा, रस्ता कुठून कसा जाणार त्याचा नकाशा, वीज वाहून नेणारी लाईन कुठून जाणार त्याचा नकाशा (हा मागायचा सगळे विसरतात), जुने चबुतरे आणि वापरात नसलेले रस्ते कोण काढणार त्याची लेखी हमी. आणि जमीन वनाची असेल, तिच्यावर वनहक्काचे दावे असतील, तर ग्रामसभेत विषय घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्यात बीएस्सीला आहे, पक्षी बघायला फिरतो. आमच्यात वाद झाला, मित्र म्हणतो पवनचक्कीने पक्षी मरतात हे उगाच फुगवलंय, मांजरं आणि गाड्या त्याहून कितीतरी जास्त पक्षी मारतात. खरं काय समजायचं?

उत्तर : अरे, तुझा मित्र आकड्यात चुकलेला नाही, पण मांजर चिमणी मारते, बुलबुल मारते, गरुड मारत नाही. शिकारी पक्षी मुळात थोडे, वर्षाला एखाद-दोन पिल्लं, त्यातला एक जोडीतला पक्षी गेला तर ती जागा भरून यायला कैक वर्षं जातात. त्यामुळे नुसती बेरीज करून उपयोग नाही, कोण मेलं ते बघावं लागतं.

आणि तू साताऱ्याचा आहेस म्हणून सांगते, या विषयातला जगभर वाचला गेलेला एक अभ्यास तुझ्या घरापासून तासाभरावर झालाय, चाळकेवाडीच्या पठारावर. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, 2018 ला प्रसिद्ध झाला. त्यांनी चक्क्या असलेला भाग आणि तसंच पण चक्क्या नसलेलं पठार अशी तुलना केली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी निघाले. ते सगळे पात्याला धडकून मेले असं नाही, बरेचसे तिकडे यायचेच बंद झाले असणार.

खरी गंमत पुढे आहे. तिथे एक सरडा आहे, नराच्या गळ्याला निळी-काळी-नारिंगी झालर असते, एप्रिल-मे मधे दगडावर उभा राहून ती पंख्यासारखी उघडतो. वरून झडप घालणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर चक्क्यांच्या भागात या सरड्यांची संख्या वाढली. ऐकायला चांगलं वाटतं ना? पण संख्या वाढली तसं खाणं कमी पडलं, सरडे हडकुळे झाले, गळ्याचा रंग फिका पडला, अंगातलं ताणाचं हार्मोन कमी झालं, आणि माणूस अगदी जवळ गेला तरी पळेनात. म्हणजे एका चक्कीने वरचा एक मजला काढला आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्याची भीती, रंग, वजन सगळं बदललं. हे कुठल्याच कायद्याच्या फॉर्मात भरता येत नाही कारण मेलेला पक्षी मोजता येतो, न आलेला पक्षी कोण मोजणार. मित्राला हे वाचायला सांग आणि दोघं मिळून एकदा ते पठार बघून या, फक्त दगड उलथू नका आणि फुलांवर पाय देऊ नका.

उपाय नाहीत असंही नाही. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवून बघितलं, रंगवलेल्या चक्क्यांवर पक्षी मरायचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. चक्क्या चारच होत्या म्हणून लगेच सगळीकडे लागू होईल असं कुणी म्हणत नाही, पण करून बघायला काय जातं? वटवाघळांसाठी तर अजून सोपं, मंद वाऱ्याच्या रात्री चक्की थोडी उशिरा सुरू करायची, त्या वाऱ्यात वीज तशीही नावापुरतीच होते, आणि मरणारी वटवाघळं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात.

प्रश्न : आमचं घर जत तालुक्यात. घरापासून तीनशे मीटरवर चक्की येणार आहे. रात्रीचा आवाज येतो का, तक्रार कुठे करायची?

उत्तर : ताई, आवाज येतो. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमधे राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत चक्की नको असं आहे, आणि ध्वनी नियमांत राहत्या भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. चक्की अजून उभी राहिलेली नाही ही तुमची जमेची बाजू आहे, तेव्हा आजच महाऊर्जा (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) आणि जिल्हाधिकारी दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, सोबत घराचा आणि चक्कीच्या जागेचा नकाशा जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकदा चबुतरा भरला की अंतराची चर्चा कुणी करत नाही.

प्रश्न : नमस्कार, मी जर्मनीत हॅनोवरजवळ राहतो, मूळचा वाईचा. इथे गावागावात वाद चालतो कारण निसर्ग संरक्षणाबरोबर भूदृश्याचं संरक्षण पण कायद्यात आहे, म्हणजे डोंगर, माळ, गाव दिसायला जसं आहे तसं राहावं. भारतात असा काही कायदा आहे का?

उत्तर : तुम्ही वाईचे म्हणून उत्तर सोपं झालं, तुमच्या घरापासून जवळच उदाहरण आहे. तिकडच्यासारखा भूदृश्याचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. डोंगराची कड विद्रूप होते एवढ्या कारणावर परवानगी अडत नाही. पण पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सरकारने मनात आणलं तर करता येतं, महाबळेश्वर-पाचगणीची 2001 ची इको सेन्सिटिव्ह झोनची अधिसूचना काढून बघा, त्यात निसर्ग वारसा म्हणून खडक, धबधबे, झरे, देवराया, गुहा, पॉइंट या सगळ्याची नोंद करून जपणूक करायला सांगितलंय. म्हणजे महाबळेश्वरच्या पॉइंटला कायद्यात जागा मिळाली, पण तसाच कडा पाटणला किंवा जावळीच्या दुसऱ्या टोकाला असला तर त्याला नाही. का, तर तिथे बंगलेवाले पाहुणे नव्हते, गुरं चारणारे होते. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

जर्मनीचं आपण काय घ्यावं हे मात्र नीट बघायला हवं कारण तिकडे पण 2022 नंतर कायदा बराच सैल झालाय. 2032 च्या अखेरपर्यंत देशाची 2 टक्के जमीन पवनऊर्जेसाठी राखायची ठरली, आणि ते लक्ष्य पूर्ण होईपर्यंत भूदृश्य संरक्षण क्षेत्रात सुद्धा चक्की लावायला वाट मोकळी केली, फक्त युरोपच्या नातुरा 2000 या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यातल्या जागा आणि जागतिक वारसा स्थळं वगळली. तुमच्याकडच्या बऱ्याच निसर्गप्रेमींना ते आवडलेलं नाही आणि त्यांचं दुखणं मला समजतं. पण एक गोष्ट तिथे आहे जी आपल्याकडे नाही, नियम पक्ष्याच्या नावाने लिहिलेत. तांबड्या घारीचं घरटं असेल तर 500 मीटरच्या आत काय, 1200 मीटरपर्यंत काय, 3500 पर्यंत काय हे कायद्याच्या जोडपत्रात आकड्याने दिलंय. जवळच्या शेतात कापणी चालू झाली, घारी उंदीर टिपायला येणार, म्हणून चक्की दिवसा तात्पुरती बंद ठेवायची, हेही लिहिलंय. कंपनीला आधीच कळतं कुठे जायचं नाही, आणि गावाला कळतं कशावर बोट ठेवायचं. आपल्याकडे असा एक तरी पक्षी, एक तरी अंतर कायद्यात लिहिलं असतं तर पहिल्या प्रश्नातल्या दादांना पत्र लिहायची वेळ आली नसती.

प्रश्न : मी वीज मंडळातून रिटायर झालोय. तुम्ही पर्यावरणवाले कोळशाला नाही म्हणता, धरणाला नाही, अणुऊर्जेला नाही, आता पवनचक्कीला पण नाही. मग वीज आणायची कुठून? राग मानू नका.

उत्तर : काका, राग कसला, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या घरात दिवा लागावा म्हणून काम केलंत. पण मी पवनचक्कीला नाही म्हणत नाहीये. ताडोब्याच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणींनी काय केलंय ते बघितलेलं माणूस पवनचक्कीला नाही म्हणूच शकत नाही. महाराष्ट्रात पवनऊर्जा 5 हजार मेगावॉटच्या वर आहे आणि ती वाढायलाच हवी. आणि हवामान बदलाचा फटका त्याच पठाराला, त्याच पावसाला बसणार आहे, तेव्हा स्वच्छ वीज ही सुद्धा निसर्गाचीच बाजू आहे.

माझं भांडण जागेशी आहे. आणि हे भांडण कोर्टात सुद्धा सोपं नाही गेलेलं. माळढोकाचं प्रकरण तुम्हाला माहिती असेल, राजस्थान-गुजरातमधे माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात, पक्षी जड, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरची तार उशिरा दिसते, आणि तोपर्यंत वळता येत नाही. 2021 ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या मोठ्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. मग सरकार म्हणालं एवढ्या मोठ्या क्षेत्रात हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, सौर आणि पवन प्रकल्प अडकतील. मार्च 2024 ला कोर्टाने सरसकट बंदी मागे घेतली, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे असंही म्हटलं. दोन्ही बाजू निसर्गाच्याच आहेत म्हणून ते इतकं अवघड होतं. पण नीट बघा, तारा टाकून झाल्या, प्रकल्प उभे राहिले आणि मग कोर्टाला तोल सांभाळायला सांगितलं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक तर आपण जवळपास गमावलाच. जागा ठरवतानाच पक्ष्यांचा नकाशा शेजारी ठेवला असता तर वीज पण मिळाली असती आणि माळढोक पण राहिला असता. तुमच्यासारख्या माणसाला तर हे जास्त पटायला हवं, लाईन टाकायच्या आधी सर्व्हे केल्याशिवाय तुम्ही एक तरी खांब उभा केला असता का?

प्रश्न : आमचं गाव भुदरगड तालुक्यात, वर मोठं पठार आहे. अजून कुठली कंपनी आलेली नाही. मी शाळेत शिकवतो. आत्ता गावाने काय करून ठेवावं?

उत्तर : सर, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण कंपनी यायच्या आधी विचारणारं फार कमी भेटतं.

जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते आणि नोंदवही कुणीतरी बाहेरून भरून दिलेली, शेजारच्या गावाची आणि तुमच्या गावाची यादी अगदी सारखी. ती मागवून घ्या, वाचा, आणि पठाराचं पान नसेल तर नव्याने घाला. शाळेची पोरं आणि गुरं राखणारी म्हातारी माणसं यांना बरोबर घ्या, कुठल्या कड्यावर कुणाचं घरटं, कुठल्या खळग्यात पाणी किती महिने टिकतं, कारवी शेवटची कधी फुलली, हे त्यांना जेवढं माहिती असतं तेवढं कुठल्या अहवालात नसतं. जागा खरंच खास निघाली तर याच कायद्याच्या कलम 37 खाली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून प्रस्ताव करता येतो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका छोट्या माशासाठी 2021 ला तसं जाहीर झालंय, जागा जेमतेम दोन हेक्टर, म्हणजे लहान जागेलाही मिळतं.

आणि नोंदी करायच्या त्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत करा, मग परत हिवाळ्यात पक्ष्यांसाठी एकदा, आणि एप्रिल-मे मधे सरड्यांसाठी एकदा. प्रत्येक नोंदीला तारीख आणि मोबाइलवरचं लोकेशन टाका. कुणी फक्त मे महिन्यात एक चक्कर मारून सर्व्हे झाला म्हणून कागद दाखवला तर ग्रामसभेत तो स्वीकारू नका, उन्हाळ्यात पठार म्हणजे काळा दगड दिसतो आणि अहवालात पडीक जमीन असंच येतं.